वायरचा, लाईटवाला कीबोर्ड घेताना: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात संगणक जोडून देणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. यंत्रमाग कारखान्याचं ऑफिस, कर सल्लागाराची खोली, टायपिंगचा क्लास, कॉलेजच्या पोराचं टेबल, सगळीकडे जाणं होतं. अलीकडे "लाईटवाला कीबोर्ड बघून द्या", म्हणजे बटणांखाली दिवे असलेला, असं बरेच जण सांगतात आणि त्याबरोबर ठरलेले प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतोय. माझं सांगणं मुळात एवढंच आहे की दिव्याचे रंग किती ते नंतर बघा, आधी दिवा अक्षरातून बाहेर येतो का ते बघा. रोज रात्री डोळ्यांना तेच लागणार आहे.

लाईटवाला कीबोर्ड खरंच लागतो का?

सगळ्यांना नाही. न बघता टाइप करणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नसतो, आणि ज्यांच्या टेबलावर चांगला दिवा आहे त्यांचंही त्याच्यावाचून अडत नाही. पण एकाच खोलीत आईवडील झोपलेत आणि पोरगं अभ्यासाला बसलंय, अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. तिथे ट्यूब न लावता काम करता येणं ही मोठी सोय आहे. आपल्या उन्हाळ्यातही ती जाणवते. पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून बसावं लागतं आणि भर दुपारी खोलीत अंधार होतो. लाईट गेल्यावर यूपीएसवर संगणक चालू आणि खोली काळोखी, अशा वेळी चालू काम जतन करायचं बटण पटकन सापडावं लागतं.

वायरचाच का? वायर नसलेला जास्त सुटसुटीत नाही का?

डेस्कटॉप जागचा हलत नाही, मग कीबोर्डने हलून जायचं कुठे? दिवा बॅटरी खातो, म्हणून बिनवायरचा लाईटवाला कीबोर्ड सारखा चार्ज करावा लागतो. त्यातले बरेचसे बॅटरी वाचवायला काही सेकंदांत दिवा मालवतात, म्हणजे विचार करायला थांबलात की अंधार. वायरचा असेल तर दिवा संगणकावर चालतो. शिवाय संगणक बिघडल्यावर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरायची वेळ आली की वायरचा कीबोर्ड बिनबोभाट चालतो, ब्लूटूथचा बहुतेक वेळा चालत नाही. दुरुस्तीला गेल्यावर हा अनुभव मला अनेकदा आलाय.

मेम्ब्रेन आणि मेकॅनिकल यांत नेमका फरक काय?

मेम्ब्रेनमध्ये सगळ्या बटणांखाली मिळून प्लास्टिकचे पातळ पडदे असतात, त्यांवर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या असतात आणि वर रबराच्या छोट्या टोप्या. बटण दाबलं की टोपी बसते, दोन पडदे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. स्वस्त, आवाज कमी. मात्र बटण जवळजवळ तळापर्यंत दाबावं लागतं, आणि दोनेक वर्षांच्या जोरदार वापरानंतर रबर मऊ पडून हाताला चिखलात बोट रुतल्यासारखं वाटायला लागतं. पडद्यावरची एक रेषा गेली की तिच्यावरची चार-सहा बटणं एकदम मरतात. ते दुरुस्त करणं परवडत नाही.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग असते. बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर सुमारे २ मिलिमीटरवरच उमटतं, त्यामुळे बोटं आपटावी लागत नाहीत. मेम्ब्रेनच्या प्रत्येक बटणासाठी कंपन्या साधारण ५० लाख ते १ कोटी दाब सांगतात, मेकॅनिकलसाठी ५ कोटी किंवा त्याहून जास्त. एक स्विच बिघडला तर तेवढाच बदलता येतो. काही कीबोर्डांत स्विच चिमट्याने उपटून नवा बसवता येतो, डाग (सोल्डर) द्यावा लागत नाही. असा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या.

माझं मत विचाराल तर, दिवसातून तास-दीड तास वापर असेल तर चांगला मेम्ब्रेन पुरे. दिवसभर बिलं मारणाऱ्याने किंवा मजकूर टाइप करणाऱ्याने मेकॅनिकलच घ्यावा. रोज संध्याकाळी बोटं दुखतात म्हणणारे हिशेबनीस मी पाहिलेत, आणि कीबोर्ड बदलल्यावर त्यांचा फोन "आता बरंय" म्हणून आलेलाही घेतलाय.

निळा, तांबडा, तपकिरी स्विच म्हणजे काय?

हे रंग जर्मनीच्या चेरी कंपनीने रूढ केले. पेटंटची मुदत संपल्यावर आउटेमू, गेटरॉन, काइल या चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले आणि रंगही बहुधा तेच ठेवले. निळा टकटक वाजतो आणि अक्षर उमटलं की बोटाला खटका लागतो. तांबडा सरळ खाली जातो, खटका नाही, आणि दाबायला हलका असतो, सुमारे ४५ ग्रॅमचा. तपकिरीत खटका आहे पण टकटक नाही.

निळ्याचा आवाज दुकानाच्या गोंगाटात छान वाटतो. तोच रात्री अकरा वाजता घरात वाजला की शेजारच्या खोलीतला माणूस उठून येतो. घरचे झोपल्यावर काम करता यावं म्हणून लाईटवाला घ्यायचा आणि त्यात निळे स्विच, हे काही जुळत नाही. घरासाठी तपकिरी, आणि खेळायचा नाद असेल तर तांबडा.

दुकानात कीबोर्ड झगमगत होता, घरी आणला तर अक्षरं दिसतच नाहीत. असं का?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बटणावर अक्षर उमटवायच्या तीन-चार रीती आहेत. स्वस्त कीबोर्डात काळ्या, अपारदर्शक बटणावर पांढऱ्या शाईने अक्षर छापलेलं असतं. खाली कितीही उजेड असो, तो बटणांच्या फटीतून वर येतो. कडा उजळतात, अक्षर मात्र काळोखात राहतं, उलट भोवतीच्या झगमगाटाने आणखीच दिसेनासं होतं. दुकानाच्या उजेडात हे कळत नाही, कारण तिथे पांढरी शाई तशीही दिसतेच.

दुसऱ्या प्रकारात बटण अर्धपारदर्शक असतं, वर काळा रंग देऊन लेझरने अक्षराच्या जागचा रंग खरवडलेला असतो. अक्षर छान उजळतं, पण वर्ष-दोन वर्षांत सतत वापरातल्या बटणांचा रंग झिजतो आणि अक्षराच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात.

तिसरा आणि सगळ्यात टिकाऊ प्रकार म्हणजे दोनदा ओतलेलं बटण. अक्षर एका पारदर्शक प्लास्टिकचं आणि बटणाचं अंग दुसऱ्या प्लास्टिकचं. ते झिजून पुसलं जाण्याचा प्रश्नच नाही. खोक्यावर 'डबल शॉट' असं लिहिलेलं असतं. प्लास्टिक एबीएस असेल तर काही महिन्यांनी बटणं तेलकट चकाकायला लागतात, पीबीटी बराच काळ खरखरीत राहतं. एक सावधगिरी घ्या. पीबीटीची काही बटणं रंग आत मुरवून छापलेली असतात. ती दिसायला सुरेख, पण त्यांतून उजेड येत नाही.

दुकानात करायची तपासणी सोपी आहे. कीबोर्ड जोडायला सांगा आणि त्यावर दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघा. अक्षर वाचता आलं तर ठीक. मग आकड्यांच्या ओळीकडे बघा. बऱ्याच मेकॅनिकल कीबोर्डांत छोटा दिवा स्विचच्या वरच्या अंगाला असतो, त्यामुळे बटणावर वर छापलेलं चिन्ह लखलखतं आणि खालचं फिकट राहतं. आकडा किंवा त्याच बटणावरचं चिन्ह, दोन्हींतलं एक अंधारात शोधावं लागणार असेल तर त्या दिव्याचा उपयोग निम्माच.

'रेनबो' आणि 'आरजीबी' एकच का?

नाही. 'रेनबो'मध्ये रंगांचे पट्टे कायमचे ठरलेले असतात, डावीकडे तांबडं, मध्ये हिरवं, उजवीकडे निळं असं काहीतरी. ते बदलता येत नाही. खऱ्या आरजीबीमध्ये प्रत्येक बटणाचा रंग निवडता येतो. कामासाठी मी लोकांना एकच रंग ठेवायला सांगतो, पांढरा किंवा पिवळसर, आणि उजेड अगदी कमी. गडद निळ्या उजेडात बारीक अक्षरं पसरट दिसतात. उजेड कमी-जास्त करायची सोय हवीच. फक्त चालू-बंद असेल तर रात्री डोळ्यांवर येतो.

मराठी अक्षरांचा लाईटवाला कीबोर्ड मिळतो का?

देवनागरी छापलेले साधे कीबोर्ड मिळतात. मेकॅनिकलमध्ये टीव्हीएसचा गोल्ड भारत हिशेबाच्या टेबलांवर वर्षानुवर्षं ओळखीचा आहे, पण त्याच्या साध्या आवृत्तीत दिवा नाही. दिवाही हवा आणि देवनागरीही हवी, तर पर्याय कमी पडतात. मग लोक स्टिकर आणतात.

सुरुवातीला मीही एका ग्राहकाच्या लाईटवाल्या कीबोर्डावर नेहमीचे काळे स्टिकर लावून दिले होते. संध्याकाळी दिवा लावला तर एकही अक्षर उजळेना, सगळा उजेड स्टिकरखाली अडकलेला. सगळे काढून, गोंद पुसून, पुन्हा नवे लावावे लागले. तुम्ही घेताना पारदर्शक स्टिकर मागा, ज्यावर फक्त देवनागरी अक्षर रंगीत असतं. त्यातून इंग्रजी अक्षर उजळतं आणि बाजूचं मराठी अक्षरही बऱ्यापैकी दिसतं. मात्र आपल्या उन्हाळ्यात गोंद ढिला होतो आणि स्टिकर सरकतात, हे गृहीत धरा.

याहून चांगला मार्ग म्हणजे मराठी टायपिंगची इन्स्क्रिप्ट मांडणी शिकून घ्या, मग बटणावर मराठी अक्षर असो-नसो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी 'के'वर क आणि शिफ्ट धरून ख, 'आय'वर ग आणि शिफ्टने घ. आपली वर्णमालाच त्यात बसवली आहे, म्हणून ती डोक्यात लवकर बसते. विंडोजमध्ये ती आधीपासून असते, फक्त भाषेच्या सेटिंगमधून मराठी चालू करायची.

आपल्या गावासाठी यात आणखी एक मोल आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना सामाईक आहे. ज्या बटणावर मराठीचा क, त्याच बटणावर तेलुगूचाही क आणि कन्नडचाही क. शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी, अक्कलकोटच्या बाजूने कन्नड बोलणारी किती कुटुंबं आहेत! मराठी इन्स्क्रिप्ट शिकलेल्या मुलीने फक्त भाषा बदलून आजीसाठी तेलुगूत पत्रिकेचा मजकूर टाइप केलेला मी पाहिलाय. नवीन काही शिकावं लागलं नाही तिला. असा कीबोर्ड कुणी छापून देणार नाही, तो बोटांतच असावा लागतो.

'namaskar' असं इंग्रजी अक्षरांत लिहून 'नमस्कार' उमटवणाऱ्यांना मराठी अक्षरांची गरजच नाही. विंडोजमध्ये तसा उच्चारानुसार चालणारा मराठी कीबोर्डही आहे.

मुलगा टायपिंगच्या परीक्षेला बसणार आहे. लाईटवाला घेऊ का?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेला मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग लागतो, आणि केंद्रावर असेल तो कीबोर्ड वापरावा लागतो. तिथे मेम्ब्रेन असला तर घरी हलक्या तांबड्या स्विचवर सराव केलेली बोटं अडखळतात. क्लासमध्ये आहे तसाच साधा कीबोर्ड घरी ठेवा. आणि दिवा असलाच तर सरावाच्या वेळी मालवायला सांगा. उजळलेलं अक्षर दिसलं की नजर खाली जातेच. 'एफ' आणि 'जे' या बटणांवरचे उंचवटे बोटांना ओळखीचे होऊ द्या.

टॅलीवर काम आहे. कोणता घेऊ?

उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असलेलाच, म्हणजे पूर्ण आकाराचा. छोटे कीबोर्ड टेबलावर छान दिसतात पण बिलं मारताना हात रडतो. वरची एफ-बटणंही बघून घ्या. टॅलीत एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. काही कीबोर्डांत याच बटणांवर आवाज आणि गाण्याची कामं पहिली ठेवलेली असतात आणि एफ८ साठी दर वेळी एफएन (Fn) हे जोडीचं बटण धरावं लागतं. दिवसाला शंभर बिलं मारणाऱ्याला हे सोसवत नाही.

दिवा लावला की एक्सेल बिघडतं. बाणाचं बटण दाबलं की चौकट हलत नाही, सगळं पानच सरकतं.

एक्सेल बिघडलेलं नाही, कीबोर्डही नाही. स्वस्त लाईटवाल्या कीबोर्डांत दिवा चालू-बंद करायचं काम स्क्रोल लॉक या बटणाला दिलेलं असतं. दिवा लागला म्हणजे स्क्रोल लॉकही लागलं, आणि ते लागलं की एक्सेलमध्ये बाण चौकटीऐवजी पान सरकवतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ऑफिसमधून यासाठी मला रात्री बोलावणं आलं होतं. टॉवेलच्या मालाची यादी सकाळी पाठवायची होती आणि तिथला मुलगा एक्सेल दोनदा काढून पुन्हा बसवून थकला होता. दिवसा काही होत नव्हतं, रात्री दिवा लावला की व्हायचं. त्याला स्क्रोल लॉक दाबून दाखवलं, बाण ताळ्यावर आले, पण दिवा गेला. त्या कीबोर्डावर दोन्ही एकत्र मिळणारच नव्हतं. शेवटी ट्यूब लावून त्याने काम उरकलं. त्या पोराची काहीच चूक नव्हती. म्हणून घेतानाच विचारा, दिवा कोणत्या बटणाने लागतो? एफएनसोबत दुसरं बटण असेल किंवा दिव्याचं वेगळं बटण असेल तर घ्या. नुसतं स्क्रोल लॉक असेल तर एक्सेलवाल्यांनी सोडून द्या. लिनक्स वापरणाऱ्यांनाही असे कीबोर्ड त्रास देतात, तिथे पुष्कळदा दिवा लागतच नाही.

कारखान्यात रुई उडते. कोणता टिकेल?

चादरी-टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस मागांपासून कितीही बाजूला असलं तरी सुताची बारीक रुई आत येतेच. ती बटणांखाली नमद्यासारखी बसते. मेम्ब्रेनमध्ये ती रबराच्या टोप्यांभोवती जमते आणि बटण अर्ध्यात अडकतं. मेकॅनिकलमध्ये ज्यांची बटणं पाटीच्या वर उघडी बसवलेली असतात, बाजूला कड नसते, ते कीबोर्ड अशा जागी उत्तम. ब्रश आडवा फिरवला की रुई बाहेर.

महिन्यातून एकदा वायर काढा, कीबोर्ड पालथा करून थोपटा, कोरड्या रंगाच्या ब्रशाने फटी झाडा. सहा महिन्यांतून एकदा बटणं उपटायच्या चिमट्याने काढून धुवा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, नाहीतर परत बसवताना घोळ होतो. स्विचला पाणी लावू नका. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. तिचा दाब जास्त असतो आणि तिच्यासोबत पाणी आणि तेलही येतं. रात्री झाकायला जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा नको, त्याचीच रुई पडते. प्लास्टिकचं झाकण घाला.

चहा सांडला तर?

आधी वायर उपटा, मग पालथा करा. दोन दिवस तसाच वाळू द्या, उन्हात ठेवू नका. साखर नसती तर तेवढ्यावर भागलं असतं, पण आपला चहा गोड. मेकॅनिकल असेल तर चिकट झालेले स्विच उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतात. मेम्ब्रेनमध्ये साखर पडद्यांच्या मध्ये गेली की बहुधा तो संपला. शेंगाचटणीच्या तेलकट बोटांनी टाइप करणाऱ्यांनी ओल्या फडक्याने बटणं रोज पुसावीत, तेलावरच रुई चिकटते.

वीज किती खातो? यूपीएसवर ताण येईल का?

यूएसबी २.० चं पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. तेवढे सगळे खाल्ले आणि रोज ८ तास दिवा चालला तरी ५० दिवसांत एक युनिट. यूपीएसला ते जाणवतही नाही. मात्र स्वतःची वेगळी वीजजोडणी नसलेल्या साध्या यूएसबी हबवर (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) माउस, पेनड्राइव्ह आणि असा कीबोर्ड एकत्र लावू नका, दिवा लुकलुकतो. थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. खूप जुन्या संगणकाच्या गोल पोर्टला जोडणी लावून लाईटवाला कीबोर्ड चालवायच्या फंदात पडू नका.

संगणक बंद केला तरी कीबोर्डचा दिवा राहतो.

संगणक बंद असला तरी मदरबोर्डवर ५ व्होल्ट चालू असतात, त्यावर तो जळतो. बायॉसमध्ये 'ईआरपी' नावाचं सेटिंग चालू करा, किंवा झोपताना भिंतीवरचं बटण बंद करा. दुसरं जास्त चांगलं, वळवाच्या विजांपासूनही थोडाफार बचाव होतो.

अचानक स्टार्टचं बटण चालेना, बाणांचं काम दुसरीच बटणं करायला लागली.

खेळासाठीच्या कीबोर्डांत एफएन आणि विंडोजचं बटण एकत्र दाबलं की ते बटण कुलूपबंद होतं. अनेकांत एफएन आणि 'डब्ल्यू' दाबलं की बाण बदलतात. तेच पुन्हा दाबा.

किती पैसे काढावे?

अक्षर उजळणारा बरा मेम्ब्रेन साधारण हजाराच्या आसपास, मेकॅनिकल दोन ते साडेतीन हजार. पाचशेच्या खाली लाईटवाला म्हणून जे मिळतं त्यात बहुधा कडाच उजळतात. तेवढेच पैसे असतील तर साधा चांगला कीबोर्ड आणि एक छोटा टेबललॅम्प घ्या. पक्कं बिल मागा, व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्के जीएसटीची वजावट त्यावरच मिळते आणि वॉरंटीही.

ऑनलाइन की नवी पेठेतल्या दुकानातून?

दुकानातून, जमत असेल तर. बोटाला कसा लागतो आणि अक्षर उजळतं का, हे फोटोत कळत नाही. ऑनलाइनच घ्यायचा तर ग्राहकांनी अंधारात काढलेले फोटो शोधा, कंपनीचे नकोत.

जुना कीबोर्ड देऊन टाकू का?

चालू असेल तर पुसून, वायर गुंडाळून कपाटात ठेवा. मार्चअखेरीला रात्री दहा वाजता नवा कीबोर्ड बंद पडला तर दुकान उघडं नसतं.